पहिल्या पसंतीची घाई

मागील लेखांकात किशोरवयीन मुलांच्या झोपेविषयी लिहिले होते. आज तोच धागा पुढे नेते आहे. मात्र या वेळी तो पुण्याहून निघून न्यू जर्सीतील एका स्वयंपाकघरापर्यंत जातो. माझा धाकटा भाऊ तेथे वीस वर्षांहून अधिक काळ स्थायिक आहे. त्याची थोरली मुलगी, माझी भाची, बारावीत होती त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने मी त्यांच्याकडे राहिले. दवाखाना बंद करून मला जेमतेम वर्ष झाले होते. बत्तीस वर्षे इतरांची मुले तपासली. आता निवांतपणे आपल्या घरातल्या मुलांसोबत राहावे, एवढाच हेतू होता.

त्या स्वयंपाकघरातील फ्रिजच्या दारावर एक कागद चुंबकाने लावलेला होता. त्यावर नऊ महाविद्यालयांची नावे आणि प्रत्येकापुढे तारीख. सर्वांत वरचे नाव लाल शाईने लिहिलेले, आणि त्यापुढे ‘१ नोव्हेंबर’ दोनदा अधोरेखित. दिवाळी कधी आहे हे त्या घरात कोणाला सांगता आले नसते, पण ही तारीख सातवीतल्या धाकट्या भाच्यालाही पाठ होती.

आता आपल्याकडूनही काही मुले बारावीनंतर थेट पदवीसाठी अमेरिकेत जातात, त्यामुळे या तारखेचे माहात्म्य काही वाचकांना ठाऊक असेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तेथे प्रवेशाचे अर्ज साधारणपणे जानेवारीच्या आरंभी करायचे असतात, मार्चअखेरीस उत्तरे येतात आणि १ मेपर्यंत विद्यार्थ्याने कोठे जायचे ते कळवायचे असते. परंतु अनेक खासगी महाविद्यालयांत याआधीची एक वाट असते. तिचे नाव ‘अर्ली डिसिजन’. या वाटेने एकाच महाविद्यालयात, बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत, अर्ज करता येतो आणि उत्तर डिसेंबरच्या मध्यास मिळते. अट एवढीच की, प्रवेश मिळाला तर तो घ्यायचाच आणि इतर सर्व अर्ज मागे घ्यायचे. तशा करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. पुरेसे आर्थिक साहाय्य मिळाले नाही, या एकाच प्रमुख कारणाने त्यातून सुटका होऊ शकते. ‘अर्ली अॅक्शन’ नावाची दुसरी वाट आहे. तीत उत्तर लवकर मिळते, पण बंधन नसते. नावे सारखी असल्याने पालकांचा येथे नेहमी घोटाळा होतो.

भाचीच्या शाळेत मुले एकमेकांना विचारीत, “तू ईडी कुठे करतेयस?” आपल्याकडे ईडी म्हटले की निराळ्याच मंडळींचे धाबे दणाणते, असे मी म्हटले तेव्हा भाऊ मनापासून हसला. त्या चार महिन्यांत तो फार वेळा हसलेला मला आठवत नाही.

या वाटेची एवढी ओढ का, हेही समजून घ्यायला हवे. महाविद्यालयाला आपण प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतील याची चिंता असते. ‘येतोच’ असे लिहून देणारा विद्यार्थी ती चिंता मिटवतो, म्हणून त्याला झुकते माप मिळते. काही विद्यापीठे आपल्या निम्म्याच्या आसपास जागा याच वाटेने भरतात. क्रिस्टोफर अॅव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. लवकर अर्ज केल्याने मिळणारा लाभ प्रवेशपरीक्षेतील साधारण शंभर गुणांच्या तोडीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या परीक्षेचे एकूण गुण तेव्हा सोळाशे होते. म्हणजे हा लाभ खरा आहे. तो नाकारून पालकांना ‘उगाच घाई करता’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

तथापि हा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न तेथेही जुनाच आहे. निरनिराळ्या महाविद्यालयांनी देऊ केलेले साहाय्य शेजारी ठेवून पाहण्याची ज्यांना गरज असते, त्यांना एकाच ठिकाणी हात बांधून घेणे परवडत नाही. येलचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन यांनी २००१ मध्ये या पद्धतीवर जाहीर टीका केली आणि पुढच्याच वर्षी येल व स्टॅनफर्ड या दोघांनी बंधनकारक पद्धत सोडण्याचे जाहीर केले. हार्वर्ड व प्रिन्स्टनने २००६ मध्ये लवकर अर्जाची सोयच बंद केली. २०११ मध्ये दोघांनीही ती बंधनाविना पुन्हा सुरू केली, कारण चांगले विद्यार्थी आधीच दुसरीकडे जातात असा अनुभव येत होता. एवढ्या मोठ्या संस्थांनाही या घाईपुढे टिकाव धरता आला नाही. मग एका मध्यमवर्गीय कुटुंबाकडून काय अपेक्षा करणार?

आता घरात येऊ.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भाचीचे पोट दुखू लागले. दुखणे रविवारी संध्याकाळी सुरू होई आणि सोमवारी शाळेची बस आली की थांबे. हे दुखणे बालरोगतज्ज्ञाला परके नसते. मी तिचे पोट तपासले, खाण्यापिण्याची चौकशी केली. सकाळची न्याहारी सुटली होती. रात्री साडेबाराला खोलीतला दिवा बंद होई आणि पावणेसहाला गजर वाजे. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, हे मी याच स्तंभात लिहून मोकळी झाले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी भाची पाच तासांवर दिवस काढीत होती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस २०१४ मध्येच केली आहे. तिच्या शाळेची घंटा त्याच्या बऱ्याच आधी होई.

उरलेल्या वेळात ती निबंध लिही. या अर्जांत साडेसहाशे शब्दांचा एक मुख्य निबंध असतो आणि बहुतेक महाविद्यालयांचे आपापले छोटे प्रश्न असतात. त्यांतला एक बहुतेक ठरलेला: तुम्हाला आमच्याकडेच का यायचे आहे? लाल शाईतल्या विद्यापीठासाठीच्या या प्रश्नाचे उत्तर तिने अकरा वेळा लिहिले. मी मोजले नाही, तिनेच सांगितले. “आत्या, बाकी सगळे निबंध होतात. हाच होत नाही.”

त्या वाक्यात सगळे निदान होते. मी ते ऐकले आणि पुढे गेले, हे आज कबूल करायला हवे.

मागच्या वसंत ऋतूत ती आईबरोबर काही महाविद्यालये पाहून आली होती. त्यांत एक लहान, डोंगरातले महाविद्यालय होते. तेथे भूशास्त्राच्या वर्गात तिला बसू दिले. वर्गात बारा मुले होती आणि प्राध्यापकांनी प्रत्येकाच्या हातात एक दगड देऊन दहा मिनिटे काही न बोलता तो पाहायला सांगितले. हे ती मला जेवताना दोनदा सांगून गेली. त्या महाविद्यालयाचे नाव फ्रिजवरच्या कागदावर सहावे होते. लाल शाईतल्या विद्यापीठाबद्दल विचारले की ती त्याचा क्रमांक सांगे, तेथून बाहेर पडणाऱ्यांना कोठे नोकऱ्या मिळतात ते सांगे. आणि तिचा आवाज अगदी तिच्या वडिलांसारखा होई.

माझ्या भावाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. तो सांगलीच्या एका शिक्षकाचा मुलगा. आमच्या घरात महाविद्यालय निवडले जात नसे. गुण जेथे नेतील तेथे जायचे असे. मुलीला निवड करता येते आहे, हेच त्याला अपूर्वाईचे वाटत होते आणि निवड करायचीच तर सर्वांत वरची का नको, असा त्याचा सरळ हिशेब होता. मित्रांच्या घरोघरी हाच हिशेब चालू होता. गणेशोत्सवाच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही दुसरा विषय नव्हता.

एका रात्री तो मला म्हणाला, “ताई, ती माझं ऐकत नाही. तू डॉक्टर आहेस, तूच सांग.” दुसऱ्या दिवशी मी भाचीला जवळ बसवले आणि म्हटले, “अगं, एकदाचा भरून टाक तो अर्ज. डिसेंबरात मोकळी होशील. झोप येईल, पोट थांबेल.” मला खरोखर वाटत होते की मी औषध देते आहे.

हे औषध चुकीचे का होते, त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. चिंतेच्या विकारांत एक गोष्ट वारंवार आढळते: माणसाला वाईट बातमीपेक्षा अनिश्चितता अधिक असह्य होते. अशा वेळी जो निर्णय घेतला जातो तो हवे ते मिळवण्यासाठी नसतो, वाट पाहणे संपवण्यासाठी असतो. दोन्ही निर्णय बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींनंतर माणूस क्षणभर हलका होतो. फरक कळतो तो उत्तर आल्यावर. टेम्पल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी किशोरवयातील निर्णयक्षमतेचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सोळा वर्षांच्या सुमाराचे मूल शांत अवस्थेत मोठ्यांइतकाच सारासार विचार करू शकते. परंतु मन तापलेले असताना, समवयस्कांच्या नजरेखाली, ती परिपक्वता यायला विशी उजाडते. म्हणजे प्रश्न सतरा वर्षांच्या मुलीला ठरवता येते की नाही हा नव्हताच. तिला ते थंड डोक्याने ठरवू देणारी परिस्थिती आम्ही मोठ्यांनी राखली का, हा होता. पाच तासांची झोप, फ्रिजवरचा कागद आणि वर आत्याचा सल्ला!

या ताणाला आपण ‘सुखवस्तू घरांचे लाड’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. मूळच्या भारतीय असलेल्या दिवंगत मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांनी अमेरिकेतील संपन्न उपनगरांतील, उत्तम निकाल लावणाऱ्या शाळांतील मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. चिंता, नैराश्य आणि व्यसने यांचे प्रमाण या मुलांत सर्वसाधारण मुलांहून अधिक आढळते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे २०१८ मध्ये तेथील एका मोठ्या आरोग्यविषयक प्रतिष्ठानाच्या अहवालात किशोरांच्या स्वास्थ्याला बाधक परिस्थितींची यादी करताना गरिबी, आघात आणि भेदभाव यांच्या पंक्तीला ‘यशाचा अतिरेकी दबाव’ बसवला गेला. यादीतले हे शेजार मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते अतिशयोक्त वाटले होते. रविवारची पोटदुखी पाहिल्यावर तसे वाटेनासे झाले.

ऑक्टोबरच्या अखेरीस करारावर सह्या झाल्या. भाचीने केली, भावाने केली, समुपदेशकांनी केली. पैशांचे बोलणे मात्र त्यानंतर झाले. हे उलट झाले आणि फार घरांत ते उलटच होते, म्हणून थोडे थांबून सांगते. अशा खासगी विद्यापीठांत शिक्षणशुल्क, राहणे, जेवण धरून वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरांच्या पुढे जातो. घराच्या उत्पन्नाप्रमाणे त्यात सूट मिळू शकते. ती किती मिळेल याचा अंदाज देणारे गणकयंत्र प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेवावे, असा कायदा तेथे २०११ पासून लागू आहे. वीस-पंचवीस मिनिटांचे काम आहे. ते सहीच्या आधी, मुलाला शेजारी बसवून करावे. माझ्या भावाने ते सहीनंतर पाच दिवसांनी रात्री एकट्याने केले आणि मग त्याचीही झोप गेली. आकडा त्याच्या अपेक्षेहून बराच मोठा होता. त्याने तो मुलीला सांगितला नाही. ‘पैशांचा विचार तू करायचा नाहीस’ हे वाक्य आपण मराठी आईवडील प्रेमाने उच्चारतो. मुलांना मात्र बंद दाराआडची कुजबुज ऐकू येते आणि ती त्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

जे वाचक महाराष्ट्रात राहून मुलांना तेथे पाठवण्याच्या विचारात आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, परदेशी विद्यार्थ्यांसाठी हे गणकयंत्र बहुधा लागू पडत नाही, आणि अनेक महाविद्यालयांत साहाय्य मागितल्याचा परिणाम प्रवेशाच्या निर्णयावरही होतो. बंधनकारक अर्जाआधी हा प्रश्न संबंधित महाविद्यालयाला लेखी विचारावा.

डिसेंबरच्या मध्यावरची ती संध्याकाळ. उत्तर सात वाजता संगणकावर येणार होते. वहिनीने सकाळीच शिरा करून ठेवला होता. भावाने कामावरून लवकर येऊन भ्रमणध्वनी चित्रणासाठी तयार ठेवला होता, कारण मुले आनंदाने किंचाळतात, आईवडील मिठ्या मारतात अशी दृश्ये सगळ्यांनी पाहिलेली होती. भाची सात वाजता खाली आली, आम्ही चौघे तिच्यामागे उभे राहिलो आणि तिने कळ दाबली.

होकार नव्हता. नकारही नव्हता. ‘तुमच्या अर्जाचा निर्णय पुढे ढकलून तो सर्वसाधारण अर्जांसोबत विचारात घेतला जाईल’, असे पत्र होते. हे असे पुष्कळांच्या बाबतीत होते आणि तसे झाले की करारातील बंधन संपते. विद्यार्थी पुन्हा मोकळा असतो. हा तपशील त्या क्षणी कोणालाच आठवला नाही. भावाने हातातले यंत्र हळूच खिशात ठेवले. धाकट्याने विचारले, “म्हणजे शिरा खायचा का नाही?” तो एकच प्रश्न त्या संध्याकाळी शहाणपणाचा होता.

भाची शांत होती. रडले कोण, तर तिची आई, आणि डोळे टिपले मी. मुलीला सावरायचे सोडून आम्ही दोघी एकमेकींना सावरीत होतो, आणि ती आम्हाला पाणी आणून देत होती.

रात्री ती माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, “आत्या, मला वाईट वाटत नाहीये. याचंच मला वाईट वाटतंय. सगळे रडतायत आणि मला... सुटल्यासारखं वाटतंय.” मी विचारले, “मग आधी का नाही बोललीस?” ती म्हणाली, “बाबांना इतकं हवं होतं. आणि तू पण म्हणालीस, भरून टाक.”

बत्तीस वर्षांत मी आयांना सांगत आले होते की, मूल काय बोलते यापेक्षा ते कशावर अडखळते ते पाहा. अकरा वेळा न जमलेला तो निबंध माझ्यासमोर होता.

त्या रात्री मी तिची क्षमा मागितली. मोठ्यांनी लहानांची क्षमा मागण्याची रीत आपल्या घरांत नाही. मलाही ते अवघड गेले. तिला ते विचित्र वाटले असावे. ती म्हणाली, “जाऊ दे ना आत्या,” आणि तिथेच झोपली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ती साडेअकराला उठली. घरात कोणी तिला उठवले नाही, एवढे मात्र मी पाहिले.

अशा उत्तरानंतर मुले दोन-चार दिवस उदास राहतात. ते स्वाभाविक आहे. त्याला आजार म्हणू नये आणि लगेच ‘यातही काही चांगलेच असेल’ असे सांत्वनही करू नये. परंतु उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, झोप वा भूक पार बिघडली, आवडीच्या गोष्टींतले मन उडाले, मित्रांना भेटणे थांबले तर डॉक्टरांकडे न्यावे. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे एखादे वाक्य, थट्टेतही, कानावर आले तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात नव्याने शिरत नाही. भारतात ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. अमेरिकेतील वाचकांसाठी असा क्रमांक ९८८ आहे.

पुण्यास परतल्यावर मैत्रिणीच्या नातीची अकरावीच्या प्रवेशाची धावपळ चालली होती. आपल्याकडच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतही पहिल्या पसंतीला बंधन आहे: पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो. वरवर दोन्ही सारखे वाटते. पण आपल्याकडे पहिल्या क्रमांकावर नाव लिहिल्याने गुण वाढत नाहीत. त्यामुळे मुलाला खरोखर हवे ते नाव प्रथम लिहिण्यात नुकसान नसते. तेथे ‘तूच माझी पहिली पसंती’ असे म्हणण्यालाच किंमत आहे, म्हणून ज्याची पसंती ठरलेली नाही त्यालाही ती आहे असे म्हणण्याचा मोह होतो. ज्या मुलाची पसंती खरोखर पक्की आहे, ज्याच्या घरचा हिशेब आधी झाला आहे, त्याच्यासाठी नोव्हेंबरचा अर्ज उत्तमच; डिसेंबरात मोकळे झालेली अशी दोन मुले मी तेथेच पाहिली. ज्याला ‘आमच्याकडेच का’ याचे उत्तर सुचत नाही, त्याने जानेवारीपर्यंत थांबावे.

आणि थांबल्याने आयुष्याचे नुकसान होते का? स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी भावाला दाखवला. सारख्याच योग्यतेच्या आणि सारख्याच महाविद्यालयांत अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांची पुढील कमाई त्यांनी ताडून पाहिली. अधिक नामांकित ठिकाणी शिकलेले आणि कमी नामांकित ठिकाणी शिकलेले यांच्यात सरासरीने फारसा फरक आढळला नाही. गरीब घरांतून आलेल्या मुलांना मात्र नामांकित महाविद्यालयाचा निश्चित लाभ झाला. भावाने तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, “सांगलीहून निघालो तेव्हा मी त्या दुसऱ्या गटात होतो, ताई. म्हणून मला अजून तसंच वाटतं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मार्चअखेरीस लाल शाईतल्या विद्यापीठाचा नकार आला. डोंगरातल्या महाविद्यालयाने प्रतीक्षायादीत ठेवले आणि ती यादी पुढे सरकली नाही. भाची आता आपल्या राज्याच्या विद्यापीठात आहे, घरापासून तासाभरावर. पहिल्या सत्रात ती फार रमली नव्हती. वसतिगृहातली सोबतीण रात्रभर जागी असे, अशी तक्रार होती. दुसऱ्या सत्रात तिने भूशास्त्राचा एक विषय घेतला. वडिलांना ते महिन्याभराने सांगितले.

परवा तिने मला एका काळ्या दगडाचे छायाचित्र पाठवले. न्यू जर्सीत वॉचुंग नावाच्या टेकड्या आहेत, त्या बेसाल्टच्या. खाली लिहिले होते, “आत्या, हा तुमच्या सिंहगडाच्याच जातीचा आहे, फक्त तेरा कोटी वर्षांनी थोरला. पुढच्या वेळी येताना तिकडचा एक खडा आणशील का? शेजारी ठेवून बघायचेत.”